मानेवरचे बारीक केस

९ सप्टेंबर

चि. माऊस बाबांचे आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर केला. हे पत्र तुला ऑगस्टातच मिळायला हवं होतं. रोज दुकानाचं शटर वर करताना ठरवायचो की आज लिहायचं, आणि शटर ओढताना म्हणायचो, उद्या. रागावू नकोस. म्हणजे आधीच रागावलेली आहेस, त्यात भर घालू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तू "त्याला द्या" एवढंच म्हणतेस, आणि मी फोन त्याच्या हातात देतो. मधे माझं काही बोलायला फट राहत नाही. म्हणून हा कागद. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

पहिल्यांदा हे वाच: पोरगा बरा आहे. जेवतो, हसतो, माझ्याशी भांडतो. आता पुढचं वाच.

त्याचं एक लहानसं ऑपरेशन झालं. लेसरचं. सकाळी नेला आणि संध्याकाळी घरी आणला, चालत. दुखणं कुठे होतं हे बापाने लेकीला लिहायचं म्हणजे अवघडच आहे, पण तू आई आहेस, तुला कळलंच पाहिजे. पाठीच्या कण्याच्या अगदी खाली, माकडहाडापाशी, जिथून बसायचा भाग सुरू होतो त्या खाचेत. आधी मला वाटलं गळू. नाव इंग्रजी आहे, पायलोनायडल सायनस. मी ते बाईंकडून तीनदा वदवून घेतलं तरी तोंडात बसत नाही.

त्याने कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. आपल्या दुकानात समोरासमोर आरसे आहेत, गिऱ्हाइकाला मागची मान दाखवायला. पोरगा एकदा फडकं झटकायला वळला आणि एक गिऱ्हाईक आरशात बघून म्हणालं, मॅनेजर, खुर्चीला ओला रंग दिलाय का? दुकानात सगळे त्याला मॅनेजर म्हणतात, गल्ल्यावर बसतो म्हणून. बसायचा म्हणून. मी पाहिलं तर पँटला मागे डाग. रक्त आणि पू. पोरगा जो आत पळाला तो गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाहेर आला नाही.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात यायला लागली. कितीतरी दिवस तो आपले कपडे स्वतः धूत होता. मी तर शेजारच्या शिंप्याला कौतुकाने सांगितलं होतं, पोरगा शहाणा झाला. दुकानात कोणी आलं की हा उठून उभा. लोक म्हणायचे, काय वळण लावलंय नातवाला. मी मान डोलवायचो.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी पू काढला, गोळ्या दिल्या. बरं वाटलं, पुन्हा फुगलं. मग त्यांनी मोठ्या दवाखान्यात मुलांच्या सर्जनबाईंकडे पाठवलं. बाई आहेत कळल्यावर पोरगा दारातून परत फिरला. चौदाव्या वर्षी कोण दाखवेल? बाईंनी त्याला हाक मारली आणि म्हणाल्या, "अरे, मी दिवसभर हेच बघते. तुझं काही वेगळं नाहीये." तो लाजला, हसला आणि आत गेला. तिथेच मला त्या बाई आवडल्या.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कातडीला बारीक भोक पडतं, त्यातून केस आत शिरतात, आणि आत बोगदा तयार होतो. केस बाहेर शोभा, आत गेला की काटा. पूर्वी हे सगळं कापून मोठा खड्डा करायचे आणि पोरं महिनोन् महिने पालथी पडून राहायची. आता बोगदा आतून साफ करतात, केस ओढून काढतात, आणि दोऱ्याएवढी तार आत सारतात. तारेच्या टोकाला लेसरचा उजेड. ती हळूहळू मागे ओढत आणायची, तसा बोगदा आतल्या आत भाजून मिटत येतो. परत होऊ शकतं हेही त्यांनी लपवलं नाही. कागदांवर सही मी केली. आईबद्दल विचारलं तेव्हा जे सांगायचं ते सांगितलं.

तुला कळवायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती. मी ती मोडतोय, त्याला सांगू नकोस.

एक विनंती आहे. हे वाचून त्याला न्यायला धावत येऊ नकोस. जखम ओली आहे. आणि मागच्या सुट्टीत काय झालं ते तुला आठवतच असेल. तू म्हणतेस मी त्याला फितवला. देवाशपथ सांगतो, मी एक शब्द बोललो नव्हतो. तू तिकडे तुझ्या कारखान्याकडून राहायला खोली मिळाल्याचं सांगितलंस, शाळा पाहून ठेवल्याचं सांगितलंस, बॅग भरलीस. तो तुझ्यासमोर धड बसलाही नाही, ताट घेऊन ओट्यापाशी उभ्याने जेवला, त्याचा तुला राग आला. आणि बस यायच्या आधी तो म्हणाला, मी आबांपाशीच राहतो. हे त्याच्या मनातलं होतं, माऊ. मी काय करणार? आतड्याची ओढ कोणाला सांगून लागत नाही.

पत्र पोचल्याचं कळव. मी पोस्टातून पावती घेतली आहे, तरी धास्ती वाटते.

तुझे बाबा


३० सप्टेंबर

चि. माऊस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन आपलंच गिऱ्हाईक आहे, त्याची दाढी करताना रोज विचारतो. परवा तो म्हणाला, काका, वस्तरा गळ्यावर असताना असलं विचारू नका, भीतीने खोटं बोलेन.

पोरगा झपाट्याने बरा होतोय. रोज दोनदा कोमट पाण्याची धार सोडायची, पुसून कोरडं करायचं, कापसाची घडी ठेवायची. पहिले दिवस तो मला हात लावू देत नव्हता. मी म्हटलं, अरे, तुला न्हाऊमाखू घालून मोठा केला. तो म्हणाला, तेव्हा मला विचारलं होतंस का? तुझ्यावर गेलाय, तोंडात तीच धार.

दिवसभर दुकानाच्या बाकावर पालथा पडून अभ्यास करतो. गिऱ्हाइकांना करमणूक झाली आहे. एकजण म्हणाला, मॅनेजर आडवे झाले, आता दुकान कशाला उभं राहतंय. शिंप्याने त्याला दोन ढगळ पँटी शिवून दिल्या, इतक्या ढगळ की एकीत मीही मावेन. शिंप्याचं म्हणणं, दोघं एकदमच घाला, कापड वाचेल.

जखमेच्या आजूबाजूचे केस वाढू द्यायचे नाहीत असं बाईंनी सांगितलं आहे. ते काम मी करतो, आणखी कोणाला करू देणार? जन्म गेला त्यात. इतक्या हलक्या हाताने करतो की त्याला डोळा लागतो. पुढे तिथले केस लेसरनेच कायमचे कमी करता येतात म्हणे, त्यासाठी बऱ्याच वेळा जावं लागतं. विज्ञानापुढे आपला वस्तरा म्हणजे दगड.

तुला गंमत सांगतो. बाईंनी माझा हात पाहिला. उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात मला जे भोक आहे ना, ज्यातून मी सुईने केस काढायचो आणि तू लहानपणी 'ई' करून पळायचीस, ते पाहून त्या म्हणाल्या, आजोबा, हाही त्याच जातीचा आजार, तुमच्या धंद्यातल्या लोकांना बोटात होतो. गिऱ्हाइकाचे तुटलेले केस कातडीत रुततात. आम्ही आपले त्याला केस लागला म्हणायचो आणि हळद दाबायचो. म्हणजे आजा-नातवाचं दुखणंही एकच निघालं. मला उगाच बरं वाटलं. बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

कालपासून तो खुर्चीत बसायला लागला. गादी घेऊन, एका कुशीवर भार देऊन, पण बसला. इतका आनंद झाला की मी त्याला लगेच फडकं बांधलं आणि केस कापले. ऑपरेशनपासून राहिलेच होते, पार हिप्पी झाला होता. नेहमीसारखे बारीक केले, बाजूने मशीन, मानेवर वस्तरा, वरून पावडर. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, हां, हा माझा मुलगा. दर रविवारी मी त्याची मान साफ करतो, तो लहान होता तेव्हापासून. तेवढा वेळ तो माझ्या हातात डोकं सोडून देतो. बाकी आता कुठे जवळ येतो.

उत्तराची वाट पाहतो. रागाचं लिहिलंस तरी चालेल.

बाबा


२१ ऑक्टोबर

चि. माऊस आशीर्वाद.

काळजीचं लिहायचं नव्हतं, पण लिहितो. जखम मिटत आली होती ती पुन्हा ओली झाली. वास येतो. पोरगा परत उभा राहायला लागला आहे.

बाईंकडे गेलो. त्यांनी मोठं भिंग लावून पाहिलं, चिमट्याने आतून काहीतरी काढलं, धुतलं. पुन्हा भाजायची गरज नाही म्हणाल्या, अजून तरी. केस पडला असेल कुठला तरी. दुकान म्हटलं की केस उडणारच, हवेत असतात, कपड्यांत असतात, भाकरीतसुद्धा सापडतात. म्हणून पोरगा आता दुकानात येत नाही. शाळेतून थेट शिंप्याकडे जातो आणि तिथे कापडाच्या गठ्ठ्यांवर पालथा पडतो.

त्याचे केसही मी सध्या कापत नाही. का ते विचारू नकोस.

तू मागच्या रविवारी त्याच्याशी बराच वेळ बोललीस. मी ओट्यापाशी होतो. तो हसत होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, माझं काही म्हणाली का? तो म्हणाला, हो, विचारत होती. माऊ, त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. पण त्याने माझ्यासाठी कान लाल करून घेतले याचं मला कौतुक वाटलं.

माझं दुकान आता कसं आहे सांगतो. मी एक डोकं झालं की झाडतो. दुसरं झालं की पुन्हा झाडतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना खाली वाकून झाडतो. परवा एकाने विचारलं, काका, माझं काही हरवलंय का?

दोन ओळी तरी लिही.

बाबा


८ नोव्हेंबर

चि. माऊ,

आज आशीर्वाद वगैरे नंतर. हे पत्र लिहायचं मी टाळत होतो. सुरुवात केली की खुर्चीत कोणीतरी येऊन बसायचं, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. आज दुकान बंद ठेवलं आहे.

मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. बाईंनी चिमट्याने जे काढलं ते त्यांनी पांढऱ्या कापसावर ठेवून मला दाखवलं. बारीक बारीक केस. मी पाहिले आणि ओळखले. उपटलेला केस, गळलेला केस आणि कापलेला केस यांतला फरक मला अंधारात बोटांनी कळतो. हे दोन्ही टोकांना कापलेले होते, सुईसारखे.

बाईंनी पोराकडे पाहिलं, त्याच्या मानेकडे पाहिलं आणि विचारलं, "याचे केस कोण कापतं?"

मी म्हणालो, "मी."

"किती दिवसांनी?"

"दर रविवारी मान. डोकं महिन्यातून दोनदा."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग समजावून सांगितलं. डोक्याचे कापलेले केस कॉलरमधून पाठीवर घसरतात, घामाबरोबर खाली त्या खाचेत जाऊन बसतात. जितके बारीक, जितके टोकदार, तितके आत शिरायला सोपे. सगळा दोष त्याचा नाही, आजोबा, त्या म्हणाल्या. कातडी तशी असते, घाम येतो, ही मुलं तासन् तास बाकावर बसतात, वयच हे असतं. कोणाकोणाला केस कापले काय आणि न कापले काय, होतं ते होतंच. फक्त यापुढे केस कापले की लगेच डोक्यावरून आंघोळ. कपडे बदलायचे. आणि इतके बारीक नको.

आंघोळ. माऊ, रविवारी मी त्याची मान करायचो तेव्हा तो आंघोळ करूनच आलेला असायचा. मीच म्हणायचो, आधी न्हाऊन ये, ओल्या मानेवर वस्तरा छान फिरतो. आणि मग वरून पावडर लावून, फुंकर मारून, शर्टाची कॉलर नीट करून पाठवायचो. दिवसभर. रात्रभर. फुंकरीने ते केस कुठे गेले हे मी कधी पाहिलं नाही. माझ्या बोटात भोक होतं आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, याच्या आईला कळवलंय ना? मी हो म्हणालो होतो. हेही लिहून टाकतो.

घरी येताना मी रस्त्याच्या कडेला पायरीवर बसलो. पोरगा समोर उभा. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं तुला हे. मी माझ्या हातांनी केलं. तो म्हणाला, आबा, चल. मी उठेना. मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला, त्याला तेवढंच जमतं, आणि म्हणाला, "तुझ्यामुळे नाही रे. आता आता नाही झालेलं ते. आई आली होती ना, तेव्हापासूनच आहे."

मी म्हटलं, तेव्हापासून?

"तेव्हाच तर गाठ आली होती. म्हणून मी गेलो नाही." मग खाली मान घालून म्हणाला, "आबा, मला बसता येत नव्हतं. एक रात्र आणि एक दिवस बस. आईच्या शेजारी. तिने बघितलं असतं. सीटला लागलं असतं."

माझी बुद्धी बघ. मी विचारलं, मग माझ्यापाशी राहतो असं का म्हणालास? तो म्हणाला, "दुसरं काय म्हणू?"

त्याने माझी समजूत काढायला हे सांगितलं, माऊ. माझा दोष उतरवायला सांगितलं. त्याला ठाऊक नाही त्याने काय उतरवलं. तू रडत बसमध्ये चढलीस आणि मी घरी येऊन हसू लपवत होतो. दुसऱ्या दिवशी दुकानात प्रत्येक खुर्चीला सांगितलं, पोराने आईला नाही म्हटलं, म्हाताऱ्याला सोडवेना त्याला. आल्यागेल्याला सांगितलं. शिंपी एकदा चिडून म्हणाला होता, अरे, लेक रडत गेली आणि तू पेढे वाटल्यासारखा काय हिंडतोस? मी त्याच्याशी पंधरा दिवस बोलणं टाकलं होतं.

इतके महिने मी त्याच एका वाक्यावर जगलो. रात्री कूस बदलताना ते आठवायचं आणि झोप यायची. ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. पोराला दुखत होतं, एवढंच होतं.

खरं सांगतो, त्यानंतरही मी तुला लगेच लिहिलं नाही. मनाशी म्हटलं, तो बोलून गेला, विसरेल. तुला कोण सांगणार आहे? तू तिकडे, मी इकडे, आणि पोरगा इथे. चाललंय ते चालू दे. पण रोज त्याला पाणी घालताना, तो पाठमोरा उभा असताना, मला त्याची मान दिसते. केस वाढलेत मानेवर. आणि मी विचार करतो की याने एवढ्या वयात एवढं एकट्याने धरून ठेवलं, आणि मला एक कागद लिहवत नाही.

काल मी त्याला विचारलंच. जखम मिटली, बसता यायला लागलं, तर आईकडे जाशील? मला वाटलं जरा विचार करेल. खिडकीबाहेर बघेल. त्याने विचारलं, "आई अजून बोलावेल का?"

इतकंच. मी म्हटलं, बोलावेल.

तेव्हा तू बोलाव, माऊ. माझ्याशी बोलू नकोस, माझं तोंड बघू नकोस, चालेल. पण त्याने तुला नाकारलं नव्हतं. ते मनातून काढून टाक. तो तुझ्यासमोर बसला नाही कारण त्याला बसवत नव्हतं. उभ्याने जेवला कारण उभ्याने दुखत नव्हतं. तू दिलेला नवा पांढरा पायजमा त्याने घातला नाही याचंही तुला वाईट वाटलं होतं. पांढरा होता म्हणून घातला नाही ग.

त्याला फोन कर.

बाबा


१७ डिसेंबर

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

तू त्याला बोलवायला फोन केलास त्या रविवारी मी उचलला. तू नेहमीसारखं "त्याला द्या" म्हणालीस. पण म्हणायच्या आधी जरा थांबलीस. मी ते थांबणं ऐकलं. तेवढं पुरे आहे. पुरे नाही, पण असू दे.

आता पोरगा तुझ्याकडे पोचून आठवडा होत आला असेल. काही कळलं नाही म्हणून लिहितो. त्याच्या फोनवर लावला तर बंद लागतो. तिकडे दुसरं कार्ड घातलं असेल असं शिंपी म्हणतो. शिंप्याचा मेहुणा, ज्याच्यासोबत पाठवला, तो परस्पर पुढे गेला, तो परत आल्याशिवाय त्याच्याकडूनही काही कळणार नाही.

निघायच्या आधी बाईंनी पाहिलं. कोरडी आहे म्हणाल्या, गुलाबी कातडी आली आहे. प्रवास करू दे, पण एका जागी फार वेळ नको, बस थांबली की उतरून चालायचं. मी मेहुण्याला हे इतक्यांदा सांगितलं की तो म्हणाला, काका, तुम्ही म्हणत असाल तर मी त्याला चालवतच नेतो. झोपायची सीट घेतली होती. तरी चढल्यावर तो खिडकीपाशी बसला. सरळ. दोन्ही बाजूंवर भार देऊन. मी खाली उभा होतो. मी त्याला हाताने खूण केली, आडवा हो. त्याने खूण केली, राहू दे. बस हलेपर्यंत तो तसाच बसून माझ्याकडे बघत होता. मला वाटतं मला दाखवायला बसला होता.

आता केसांचं सांगतो, नीट वाच आणि जपून ठेव.

निघायच्या आदल्या दिवशी तो आपण होऊन दुकानात आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, आबा, आईकडे असा जाऊ का? जरा कापून दे. बाईंनी मनाई केलेली नव्हती, लगेच आंघोळ केली की झालं. मी फडकं बांधलं. कात्री घेतली. आणि हात पुढे जाईना. आरशात दोघं दिसत होतो, पुढेही आणि मागेही. मागच्या आरशात त्याची मान. तिथले केस वाढून वळले होते. वळतात त्याचे केस, माऊ, कानामागे, तुझे लहानपणी वळायचे तसेच. मी इतकी वर्षं बारीक करत आलो, मला कधी दिसलंच नाही. मी फडकं सोडलं आणि म्हटलं, चांगलं दिसतंय, राहू दे. तो म्हणाला, घाबरलास ना? मी म्हटलं, हो.

म्हणून तो तुझ्याकडे झिपऱ्या घेऊन आला. आळशीपणा समजू नकोस.

केस फार वाढले की कापून घे. चांगला माणूस बघ. दुकानात शिरल्यावर आधी जमीन बघ, झाडलेली आहे का. मशीन नको, कात्रीने, ओले करून, मान पुढे वाकवून. मानेवर वस्तरा नको. घरी आल्या आल्या डोक्यावरून आंघोळ, कपडे बदलून, पाठीला पाण्याची धार. पावडर लावू देऊ नकोस, केस चिकटून राहतात. त्या भागाचे केस कमी करायला तिथला डॉक्टर शोध, लेसरने करून घे. कंटाळा करू नकोस, त्याच्यावरही सोडू नकोस. तो दुखलं तर सांगत नाही, एवढं आता आपल्या दोघांना कळलंय. तो स्वतःचे कपडे धुवायला लागला, किंवा कोणी आलं की उगाच उठून उभा राहायला लागला, तर कौतुक करू नकोस. विचार.

ढगळ पँटींपैकी एक इथेच राहिली. मी घालून पाहिली. शिंपी म्हणाला, बघ, म्हटलं होतं ना मावशील. मग तो बराच वेळ मशीनवर काही न शिवता बसून राहिला.

रविवारी दुकान उघडतो, पण सकाळची वेळ जात नाही. गिऱ्हाइकं विचारतात, मॅनेजर कुठे? मी म्हणतो, आईकडे. आधी जेवढ्या जोरात सांगितलं होतं तेवढ्याच जोरात सांगतो. तू विचारशील म्हणून नाही, असंच.

माझ्या हाताचं मी काही केलेलं नाही. बाई म्हणाल्या, तुम्हीही दाखवून जा, तुमचंही बंद करून देऊ. आता काय करायचं. परवा सुईने एक केस निघाला, काळा, मऊ. कोणाचा होता काय माहीत. झाडून टाकला.

माऊ, लांबलचक उत्तर नको. मला काही नको लिहूस, कशी आहेस तेही नको, सुटीत येशील का तेही मी विचारत नाही. पोस्टकार्डावर एक ओळ पुरे, त्यालाच लिहायला सांग हवं तर, त्याचं अक्षर चांगलं आहे. जखम कोरडी आहे का. आणि तो एक रात्र आणि एक दिवस बसून आला का, की वाटेत कुठे उभा राहिला. एवढंच लवकर कळव. मी पोस्टमनला रोज विचारतो आहे.

तुझे बाबा